सातपुड्याची वाट आणि श्रमिकांची रजा

(भिवापूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘श्रमिक आणि विरंगुळा’ असा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आज सकाळी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ साथींनी मला तसे स्पष्ट बोलूनच दाखवले. ते म्हणाले, “कापसाला भाव नाही, पोरांना काम नाही, गावातली तरुण माणसे पुण्या-हैदराबादकडे निघाली आहेत, आणि तुम्ही आम्हाला डोंगरावर सहलीला जायला सांगणार?” प्रश्न रास्त आहे. आपल्या चळवळीत तो पूर्वापार विचारला गेला आहे आणि बहुधा त्याचे उत्तर न देताच आपण पुढच्या विषयाकडे वळलो आहोत. आज मी ते उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

माघ सरत आला आहे. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. तिला निरोप देण्याचे हे शेवटचे दिवस. आणखी महिनाभराने नागपूर तापू लागेल, मग दुपारी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. म्हणून नागपूरच्या सुखवस्तू वर्गाला हे पंधरा-वीस दिवस फार मोलाचे वाटतात. शनिवार आला की मोटारी निघतात. कुणी रामटेकच्या गडावर आणि खिंडसीच्या तलावावर, कुणी पेंचला, कुणी चिखलदऱ्याला, कुणी सौंसर-छिंदवाड्यावरून सातपुडा चढून पचमढीला. पहाटे धूपगडावर सूर्य उगवताना पाहावा, साल आणि साग जिथे एकमेकांना भेटतात त्या जंगलातून चालावे, रात्री शेकोटी करावी. या आनंदाची मी चेष्टा करणार नाही. मी स्वतः तो घेतला आहे आणि संधी मिळेल तेव्हा पुन्हा घेईन. सातपुड्यात माघातली पहाट ज्याने पाहिली नाही त्याच्या आयुष्यात काहीतरी उणे राहिले, असेच मी म्हणेन.

मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. नागपूरहून उमरेडमार्गे येणाऱ्या मोटारी कऱ्हांडल्याच्या अभयारण्याकडे वळतात, त्याच दिवसांत या भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यांवर काम ऐन भरात असते. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिचा तांबडा रंग आणि तिखटपणा दूरवर नावाजला जातो. या मूळ वाणाचे क्षेत्र आता बरेच आकसले असले तरी मिरचीचा व्यवहार या गावाच्या हाडीमांसी खिळला आहे. सातऱ्यावर तांबड्या मिरचीचे ढीग पसरलेले असतात आणि त्यांच्यापुढे ओळीने बाया बसलेल्या असतात. एकेका मिरचीचा देठ खुडायचा, ती बाजूला टाकायची, पुढची उचलायची. मजुरी किलोवर. ज्यांनी हे काम जवळून पाहिले नाही त्यांनी उद्या सकाळी अवश्य जाऊन पाहावे, आणि पाच मिनिटे तिथे उभे राहावे. पाच मिनिटांत आपले डोळे काय सांगतात ते कळेल. या बाया तिथे सकाळपासून सांजेपर्यंत बसतात. रात्री हातांची आग होते. त्या हाताने लेकराचे तोंड पुसता येत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सातऱ्यावर मी एका वयस्क बाईंशी बोलत होतो. आपण कार्यकर्ते जे विचारतो तेच मीही विचारत होतो: मजुरी किती मिळते, तोलात फसवतात काय, रेशनकार्ड आहे काय. त्यांनी उत्तरे दिली. मग सहज म्हणून मी विचारले, कधी गावाबाहेर जाणे होते काय? त्या म्हणाल्या, दोनदा महादेवाला गेले होते. एकदा नवी नवरी असताना आणि एकदा पोरगा दुखण्यातून उठला तेव्हा, नवस फेडायला. तिथे काय पाहिले, असे मी विचारले. मला वाटले, त्या देवाचे वर्णन करतील, गर्दीचे करतील, पायऱ्यांचे करतील. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तीन दिवस हाताले आग नव्हती.”

साथींनो, मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. रजा म्हणजे काय हे मला त्या वाक्याइतके कुठल्याही पुस्तकाने समजावलेले नाही.

ही महादेवाची यात्रा म्हणजे काय हे इथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. पण हे भाषण छापले जाणार आहे आणि विदर्भाबाहेरच्या वाचकांना त्याची कल्पना नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. पचमढीजवळ चौरागड नावाचा डोंगर आहे, उंची तेराशे मीटरच्या आसपास. महाशिवरात्रीच्या सुमारास विदर्भातून आणि छिंदवाडा-बैतुलच्या बाजूने हजारो माणसे तिथे जातात. खांद्यावर लोखंडी त्रिशूळ; काही त्रिशूळ इतके जड की दोघाचौघांनी उचलावेत. जुन्नारदेवच्या विशाल्याला पहिली पायरी, मग सतघरा, मग भुराभगत, असे टप्पे घेत जुनी वाट डोंगरावर चढते, आणि शेवटी तेराशेहून अधिक पायऱ्या. ज्यांना मोठ्या महादेवाला जाणे झेपत नाही ते तुमसर तालुक्यातल्या गायमुखाला, म्हणजे लहान महादेवाला जातात. अमरावतीकडचे लोक मोर्शीजवळच्या साल बर्डीला जातात. आपल्या जवळचे लोक वैनगंगेच्या काठी आंभोऱ्याला. सालबर्डीलाच १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी मोठा यज्ञ केला होता. थंडी सरतासरता डोंगर चढणे, झाडाखाली रात्र काढणे, तीन दगडांच्या चुलीवर भाकर भाजून खाणे, गाणी म्हणत चालणे हे सारे विदर्भाच्या गरीब माणसाला नवे नाही. नागपूरच्या मोटारवाल्यांच्या कितीतरी आधीपासून तो हे करीत आला आहे. फरक इतकाच की त्याला त्यासाठी देवाला मध्ये घालावे लागते.

हा मुद्दा आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. जो शेतमालक मजुराला सोयऱ्याच्या लग्नाला एक दिवस सोडताना खळखळ करतो, तोही ‘महादेवाला जातो’ म्हटले की गप्प बसतो. देवाच्या आड कोण येणार? नवस हा आपल्याकडे भूमिहीनाचा रजेचा अर्ज आहे आणि तो नामंजूर करण्याची छाती कुणाही धन्याला होत नाही. आमच्या पक्षातील बुद्धिवादी मंडळी अशा यात्रांना अंधश्रद्धा म्हणून नाके मुरडतात. नवसाने पोर बरे होत नाही, हे मलाही मान्य आहे. आणि त्या बाईंच्या पोराला बरे केले ते औषधाने, हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्यांना त्या तीन दिवसांची गरज होती, आणि ते मिळवण्याचा दुसरा कोणताही मार्ग आपण, म्हणजे या देशातील समाजवादी आणि कामगार चळवळीने, त्यांना उपलब्ध करून दिलेला नव्हता.

आपल्याच इतिहासातले एक उदाहरण इथे आठवते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवार हा जणू निसर्गाचाच नियम समजतो. त्या मागणीच्या समर्थनार्थ रविवार हा खंडोबाचा वार असल्याचेही पुढे केले गेले, असे सांगितले जाते. फुल्यांच्या सत्यशोधक अनुयायाला खंडोबाचा आधार घ्यावासा वाटला असेल, तर त्यात मला विसंगती दिसत नाही. कामगाराच्या मनात सुटीचा जो एकमेव ओळखीचा हक्क होता, त्यालाच धरून त्याने कायद्याच्या हक्काकडे पाऊल टाकले. आपण मात्र पुढे खंडोबा सोडला आणि त्याबरोबर सुटीचा प्रश्नही कारखान्याच्या दारातच सोडून आलो.

कारखान्यात काय झाले ते पाहा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. नव्या श्रमसंहितेत ही २४० ची अट १८० वर आणली गेली. चांगली गोष्ट आहे. पण सातऱ्यावरच्या बाईला ही अट कशी लागू पडावी? तिचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. त्यातही आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. त्याआधी ती कापूस वेचते, धानाची कापणी करते. त्यानंतर मोहफुले वेचायला जाते, तेंदूपाने तोडते. वर्षाचे तीनशे दिवस ती राबते, आणि कोणत्याही एका मालकाच्या हजेरीपटावर तिचे शंभर दिवसही भरत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तिने रजा मिळण्याइतके काम केलेलेच नसते!

असाच प्रश्न एकेकाळी मुंबईच्या गोदीबाहेरच्या आणि बाजारातल्या हमालांपुढे होता. मालक अनेक, काम रोज वेगळे, हजेरीपट कुणाकडेच नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, सानुग्रह रक्कम आणि रजेचा पगार द्यायचा. म्हणजे पाठीवर पोते वाहणाऱ्या, एकही कायम मालक नसलेल्या माणसाला भरपगारी रजा देता येते, हे या राज्याने अर्ध्या शतकापूर्वीच करून दाखवले आहे. मग तालुक्यातल्या मिरची सातऱ्यांसाठी, कापसाच्या जिनिंगसाठी, वीटभट्ट्यांसाठी तसे मंडळ का होऊ नये? भिवापुरात मिरची तोलल्याशिवाय विकली जात नाही. जिथे काटा आहे तिथे लेव्ही वसूल करता येते. व्यापारी म्हणतील, धंदा बुडेल. माथाडी कायद्याच्या वेळीही मुंबईचे व्यापारी हेच म्हणाले होते. त्यांचा धंदा बुडाल्याचे मी तरी पाहिले नाही.

आता ज्येष्ठ साथींच्या मूळ आक्षेपाकडे येतो: पोट भरलेले नसताना डोंगराची भाषा कशाला? युरोपातील समाजवाद्यांनी हा आक्षेप आपल्याआधी ऐकला आणि त्याला कृतीने उत्तर दिले. १८९५ च्या मार्च महिन्यात, म्हणजे तिथला हिवाळा सरत असताना, व्हिएन्नातील समाजवादी पक्षाच्या ‘आर्बायटर त्साइटुंग’ या पत्रात एक छोटी जाहिरात आली: निसर्गप्रेमी कामगारांनी एकत्र यावे. ती देणारा गेओर्ग श्मीडल हा शाळामास्तर होता. त्याच्याबरोबर आलोइस रोहराउअर हा लोहार होता आणि कार्ल रेनर नावाचा विद्यार्थी होता. हाच रेनर पुढे ऑस्ट्रियाचा चॅन्सलर आणि राष्ट्राध्यक्ष झाला. त्या काळी आल्प्सच्या वाटा आणि तिथल्या धर्मशाळा वरच्या वर्गाच्या गिर्यारोहण मंडळांच्या ताब्यात होत्या. या मंडळींनी ‘निसर्गमित्र’ नावाची कामगारांची संघटना काढली, रविवारी शहराजवळच्या डोंगरांवर सहली नेल्या आणि पुढे वर्गणी व स्वतःचे श्रम खर्चून कामगारांच्या धर्मशाळा बांधल्या. एकमेकांना भेटल्यावर ते अभिवादन करीत, ‘बेर्ग फ्राय’, डोंगर मोकळा. ही निरुपद्रवी गोष्ट होती असे कुणी समजू नये. जर्मनीत १९३३ साली नाझींनी आणि ऑस्ट्रियात १९३४ साली हुकूमशाही सरकारने या संघटनेवर बंदी घातली.

इंग्लंडमधील प्रसंग तर अधिकच बोलका आहे. मँचेस्टर शहराजवळ किंडर स्काउट नावाचे पठार आहे. गिरण्यांच्या धुरात आठवडाभर घालवणाऱ्या तरुणांना रविवारी तिथे जावेसे वाटे. पण ते पठार जमीनदारांनी तित्तिरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि त्यावर रखवालदारांचा पहारा असे. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण, त्यांत बहुसंख्य कामगार, बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या कम्युनिस्ट तरुणाच्या पुढाकाराने सरळ त्या पठारावर चढून गेले. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. डोंगरावर चालल्याबद्दल तुरुंग! त्या शिक्षांनी देशभर संताप उसळला. १९४९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि १९५१ मध्ये इंग्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान त्याच डोंगराळ मुलखात स्थापन झाले. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, तिथल्या ड्यूकने आपल्या पूर्वजाच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. सरंजामदारांना माफी मागायला वेळ लागतो, पण कधीकधी मागतात.

आणि फ्रान्स. जून १९३६ मध्ये लिओं ब्लूम यांच्या जनआघाडीच्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण कागदावर रजा दिली की काम संपले असे त्यांनी मानले नाही. लिओ लाग्रांज नावाच्या तरुण समाजवाद्याकडे क्रीडा आणि विरंगुळ्याचे खाते सोपवले. त्याने रेल्वे कंपन्यांशी बोलून रजेवर निघालेल्या कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. उजव्या पत्रांनी त्याला ‘आळसाचा मंत्री’ म्हणून हिणवले. त्या उन्हाळ्यात आयुष्यात प्रथमच समुद्र आणि डोंगर पाहणाऱ्या मजुरांची गर्दी स्थानकांवर लोटली. त्या वेळी फ्रान्समध्ये बेकारी होती, संप होते, शेजारी हिटलर होता. सगळे प्रश्न सुटल्यावर रजेचा विचार करू, असे ब्लूम म्हणाले असते तर ती रजा कधीच मिळाली नसती.

गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून आपल्या गाडीविषयीही बोलतो. नागपूर-नागभीड ही छोटी लाईन १९०८ पासून भिवापूरवरून धावत होती. इतवारीला उतरावे आणि तिथून छिंदवाड्याची दुसरी छोटी गाडी धरावी, असा प्रवास या भागातला गरीब माणूस करू शकत असे. गाडी हळू चाले, पण भाडे खिशाला परवडे. छिंदवाड्याकडची छोटी लाईन २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि आपली नोव्हेंबर २०१९ मध्ये. रूळ रुंद होण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र रुंद रुळांवरून धावणाऱ्या गाड्या आपल्या खेड्यांच्या स्थानकांवर थांबणार की नाही, त्यांना साधे डबे असणार की नाही, हे विचारणे आपले काम आहे. रस्त्याचे म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे भाडे झाले. त्याचा बायाबापड्यांना झालेला उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि विरोधी पक्षात असलो तरी ते मान्य करायला मला संकोच वाटत नाही. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. सावनेर ओलांडून सौंसरची हद्द लागली की पूर्ण भाडे. महादेव मात्र हद्दीपलीकडे बसला आहे! जुन्या मध्यप्रांताचे दोन भाग झाले, राज्ये वेगळी झाली. माणसांच्या वाटा काही वेगळ्या झालेल्या नाहीत. दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी यात्रेच्या पंधरवड्यापुरता करार करावा, ही मागणी इतकी साधी आहे की ती आजवर कुणी नेटाने लावून का धरली नाही याचेच मला आश्चर्य वाटते.

पचमढीचाच इतिहास पाहिला तरी डोंगर कुणाचे होते आणि कुणाचे झाले हे ध्यानात येते. तो मुलूख कोरकू आणि गोंडांचा. तिथला जहागीरदार भभूतसिंह १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि त्याला देहदंड झाला. ती जंगले सरकारजमा झाली आणि बोरीचे राखीव वन अस्तित्वात आले; देशातील अगदी पहिल्या राखीव वनांपैकी ते एक. पुढे नागपुरात राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या सरकारने पचमढीला उन्हाळी बस्तान बसवले. साहेबांची दप्तरे, पलंग आणि मडमांच्या पेट्या डोंगरावर गेल्या, त्या अर्थात कुणाच्या तरी डोक्यावरून गेल्या. इकडे ज्याच्या पूर्वजांचे जंगल, त्याला लाकडाच्या मोळीसाठी परवाना आणि दंड. थंड हवेचे ठिकाण ही कल्पनाच आपल्याकडे अशी जन्मली.

आपल्या उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाबतीतही थोडे बोलले पाहिजे. २०१२ मध्ये सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य घोषित झाले. उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्याचा पवनी, असा चार तालुक्यांचा हा टापू. ‘जय’ नावाच्या वाघाने ते देशभर गाजवले; २०१६ मध्ये तो नाहीसा झाला. वाघ राहिला पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. किंडर स्काउटची गोष्ट सांगितली म्हणून उद्या कुणी झेंडा घेऊन वाघाच्या घरात घुसू नये. तिथे रखवालदाराशी झटापट होणार नाही, भलत्याशीच होईल. पण ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वर्षाअखेरच्या गर्दीत, गोठणगावच्या बाजूला काय घडले? पाच पिल्ले घेऊन निघालेल्या एफ-२ वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. चित्रे देशभर पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आणि कारवाई कुणावर झाली? गाडीचालकांवर आणि मार्गदर्शकांवर. ते चुकले हे खरेच. तथापि ही पोरे आसपासच्या गावांतली, रोजाच्या कमाईवर जगणारी. ‘जवळ घे, आणखी जवळ घे’ असा आग्रह मागच्या बाकावरून होत असतो, बक्षिसीही मागूनच येते. जो पैसा देऊन येतो त्याचा आनंद हा हक्क ठरतो आणि जो त्याला घेऊन जातो त्याची चूक हा गुन्हा ठरतो.

जिप्सीच्या एका फेरीचा खर्च सातऱ्यावरच्या बाईच्या आठवड्याच्या कमाईहून अधिक आहे. ज्या जंगलात तिची आजी मोह वेचत होती, तिथे आज तिने पाहुणी म्हणून जायचे ठरवले तरी तिला परवडणार नाही. फाल्गुनात मोहफुलांसाठी पहाटे रानात शिरणाऱ्या माणसांना विदर्भात वाघाने मारल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. म्हणजे वाघ पाहण्याचा आनंद एकाचा आणि वाघाचे भय दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. आठवड्यातला एक दिवस, एक फेरी, अभयारण्याच्या सीमेवरील गावांसाठी नाममात्र शुल्कात राखून ठेवावी, असा ठराव या शिबिराने करावा असे मी सुचवतो. त्या फेरीत सातऱ्यावरची बाई आणि तिची नातवंडे बसलेली मला पाहायची आहेत. ज्याने वाघ निवांतपणे पाहिला आहे तो वाघ वाचवण्याच्या बाजूने उभा राहील. ज्याने फक्त त्याचे पंजे पाहिले आहेत त्याच्याकडून ती अपेक्षा कशी करावी?

ज्येष्ठ साथींचा आक्षेप यानेही पूर्ण मिटणार नाही, हे मी जाणतो. मजुरी वाढली पाहिजे, ती आधी वाढली पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. पण आपण मजुराकडे फक्त पोट म्हणून पाहू लागलो की आपली आणि मालकाची नजर एक होते. मालकही तिच्याकडे हात म्हणून पाहतो. तिला सूर्योदय आवडत असेल, थंड हवा आवडत असेल, काही न करता एखादा दिवस बसून राहावेसे वाटत असेल, हे आपल्या जाहीरनाम्यांत कुठेच आलेले नाही. मी आपले जुने जाहीरनामे या भाषणाच्या निमित्ताने पुन्हा चाळले. जमीन आहे, पाणी आहे, भाव आहे, आरक्षण आहे. विरंगुळा नाही. कार्यकर्त्यांची शिबिरे आपण डोंगरावर घेतली, पण तिथेही सकाळी सात ते रात्री नऊ बौद्धिके! चिखलदऱ्याच्या एका शिबिरात तीन दिवस राहून दरी न पाहताच परतलेले कार्यकर्ते मला माहीत आहेत. मी त्यांतलाच एक.

आणखी एक गोष्ट बोलायची राहिली, ती आपल्या घरांची आहे. महादेवाला पुरुष अनेकदा जातात; बाई जाते ती नवसाच्या निमित्ताने, आणि तीही घरची भाकर, गुरे, म्हातारी माणसे यांची सोय लावून. मालकाने रजा दिली तरी घराने दिली पाहिजे. इथे बसलेल्या पुरुष साथींनी शेवटची भाकर कधी थापली होती हे मी विचारणार नाही. पण माथाडीसारखे मंडळ आणण्याला काही वर्षे लागतील, तीन दिवस चूल सांभाळण्याला कायदा लागत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. येत्या शिवरात्रीला तालुक्यातून सातऱ्यावरच्या बायांचा एक जथा महादेवाला न्यावा. पक्षाने न्यावा, पण पक्षाची सभा म्हणून नव्हे. तिथे भाषण होणार नाही, ही हमी मी माझ्यापुरती देतो. ज्यांना दर्शन घ्यायचे ते दर्शन घेतील, ज्यांना नुसते डोंगरावर बसायचे ते बसतील. बुडालेल्या तीन दिवसांच्या मजुरीपोटी प्रत्येकीला निम्मी तरी रक्कम द्यावी आणि त्यासाठी आपण वर्गणी काढावी. उरलेली निम्मी सातरेवाल्यांकडे मागावी. त्यांतले निदान काही देतील असे मला वाटते, देवाच्या कामाला नाही म्हणणे त्यांनाही जड जाईल; आणि एकदा दिली की पुढच्या वर्षी तीच रक्कम आपण देवाचे नाव न घेता मागू. जाणाऱ्यांची नावे या आठवड्यात तालुका कार्यालयात नोंदवावीत. गाडी पहाटे निघेल. कांबळे ज्याचे त्याने आणावे. वर अजून थंडी आहे.